ठासणीच्या बंदुकीला दारू जाड की बारीक? आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गणपतीनंतर भात पोटरीत आलं आणि रानडुकरं शेतात उतरायला लागली. तेव्हापासून एप्रिलअखेर काजूचा हंगाम संपेपर्यंत आमची ठासणीची बंदूक माझ्या हातात होती. बारा बोअरची, एकनळी, आतून गुळगुळीत, दारू तोंडाकडून ठासायची आणि घोड्याखाली फुटणाऱ्या स्फोटक टोपीच्या ठिणगीवर चालणारी. परवाना शेतीरक्षणाचा, आधी वडिलांच्या नावावर होता, आता माझ्या. या आठ महिन्यांत मी तीन जाडींची दारू वापरून पाहिली आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहून ठेवलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी बंदूक उडवतो ती आवाजासाठी, छर्रे न भरता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुक्कर, गवा, दोघांनाही संरक्षण आहे आणि मला कोणाचा जीव घ्यायचाही नाही. डुकरांनी भात सोडून ओहोळापलीकडे जावं आणि खेतींनी, म्हणजे माकडांनी, काजूच्या भाटातून (बागेतून) निघावं, एवढंच हवं.

आमच्या सत्तरीत, गोव्यातल्या या तालुक्यात, ठासणीची बंदूक नवी नाही. दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड करून १८५२ च्या २६ जानेवारीला इथला नाणूसचा किल्ला घेतला, त्या काळापासून इथल्या घरांना बंदुकीच्या दारूचा वास ओळखीचा आहे. तरीही आज दुकानात गेलेला माणूस ‘दारू द्या’ एवढंच म्हणतो. दाणा कोणता, हे विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात असतात. हे प्रमाण तेच ठेवून दाण्याची जाडी बदलली की दारूची चाल बदलते. दाणा पृष्ठभागावरून आत जळत जातो. तेवढ्याच वजनाच्या दारूचे दाणे बारीक असतील तर एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून ती लवकर जळते आणि नळीतला दाब झपकन चढतो. दाणे जाड असतील तर तोच दाब सावकाश चढतो. तोफेला जाड आणि पिस्तुलाला बारीक दारू लागते ती याच कारणाने.

परदेशी डब्यांवर ही जाडी एफ अक्षराने लिहितात. एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक. एक एफ म्हणजे साधारण १.२ ते १.७ मिलिमीटर, टू-एफ ०.६ ते १.२, थ्री-एफ ०.३ ते ०.८५ आणि फोर-एफ ०.१५ ते ०.४२. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचं तर एक एफ बारीक मोहरीएवढा, टू-एफ खसखशीसारखा, थ्री-एफ रव्यासारखा आणि फोर-एफ बारीक मिठासारखा. फोर-एफ गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीच्या कानात, म्हणजे नळीबाहेरच्या पेटवणीच्या खळग्यात, घालायची दारू आहे, ती नळीत भरायची नसते. रूढ नियम असा की मोठ्या बोअरच्या रायफली आणि बारा बोअरसारख्या छर्‍याच्या बंदुका यांना टू-एफ, आणि पॉइंट ४५ इंच किंवा त्याहून लहान नळ्या व पिस्तुलं यांना थ्री-एफ. मला मिळालेल्या पाकिटांवर मात्र एफ-बिफ काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून पांढर्‍या कागदावर चिमूटभर दारू पसरायची, शेजारी मोहरी, खसखस आणि रवा ठेवायचा आणि उन्हात भिंगाने बघायचं, ही सवय मी लावून घेतली.

पहिली आली ती जाड दारू, मोहरीसारखी. आवाज धुम्म, पोकळ. डुकरं मान वर करून बघायची, दहा पावलं सरकायची आणि परत चरायला लागायची. मला वाटलं, माप कमी पडतंय. पण माप वाढवण्याआधी एका संध्याकाळी नळीसमोर जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरली आणि बार काढला. धूर विरल्यावर बॅटरी मारली तर चादरीवर काळे दाणे सांडलेले, पहिल्या दोन हातांत अगदी दाट. बोटाने दाबले तर करकरीत. ते न जळताच बाहेर आले होते. तेव्हा मला सगळा प्रकार कळला. छर्रे किंवा गोळी असली की तिच्या वजनामुळे दारू क्षणभर कोंडली जाते आणि त्या कोंडीत जाड दाणाही पुरता जळतो. पुढे दारूवर ठासलेला नुसता बोळा असेल तर तो लगेच निघून जातो आणि मागचे दाणे अर्धवट जळून किंवा न जळताच बाहेर पडतात. म्हणजे माप वाढवून माझी दारू फक्त चादरीवर पडली असती. आवाजाच्या बारासमोर जवळ कोणी उभं राहू नये याचं कारणही त्या चादरीवर दिसलं.

मग रव्यासारखी बारीक दारू आणली. आवाज फाडकन, कानात शिरणारा. डुकरं ओहोळ ओलांडून गेली आणि तीन रात्री फिरकली नाहीत. टोपीही चुकली नाही. टोपी बसते त्या निपलखालच्या अरुंद वाटेत बारीक दाणे शिरतात, त्यामुळे ठिणगी लगेच पकडते. जाड दारूत दोनदा घोडा पडला, टोपी फुटली आणि बार मात्र क्षणभर उशिरा झाला. असं झालं की नळी खाली घ्यायची नाही, समोर मोकळ्या दिशेला धरून किमान एक मिनिट थांबायचं. हे मला वडिलांनी शिकवलं होतं आणि दोन्ही वेळा मी ते पाळलं.

इतका चांगला आवाज ऐकला की बारीक दारूच कायम वापरावी असं वाटतं. मी तसं केलं नाही आणि कोणी करू नये असं मनापासून सांगेन. जाड दारूचं माप बारीक दारूला तसंच लावायचं नसतं, १० ते १५ टक्के कमी करावं लागतं. बारा बोअरचं जुनं रूढ माप पावणेतीन ते तीन ड्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास. ते मध्यम दाण्याचं आणि छर्‍यांसाठीचं आहे, बारीक दाण्याचं नाही. आमची नळी किती जुनी आहे ते घरात कोणालाच माहीत नाही. अशा नळीत झपकन चढणारा दाब नको.

डिसेंबरात, मध्यम दारूही घरात आली होती तेव्हा, एक प्रसंग घडला, त्यानंतर तर मी बारीक दारू घरात ठेवायचीच बंद केली. रात्री भावाने अंधारात डबा उचलला, मध्यम दारूच्या मापाने भरायला घेतलं आणि धार मापात पडताना मला ती फार गुळगुळीत वाटली. बॅटरी मारली तर रवा. दोन्ही दारू काळ्या, दोन्ही डबे सारखे. एका घरात एकच दाणा असावा, हा नियम त्या रात्रीपासून.

तेव्हापासून खसखशीएवढी मध्यम दारू चालू आहे आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. आवाज बारीक दारूइतका तीक्ष्ण नाही, पण मी बोळा बदलला आणि फरक पडला. दारूवर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर जुन्या घोंगडीच्या दोन घट्ट चकत्या, गजाने नीट बसवलेल्या. कोंडी वाढली आणि चादरीवर दाणे जवळजवळ दिसेनासे झाले. बोळा आणि दारू यांच्यात पोकळी राहू देऊ नका, नळी फुगते. भरलेल्या नळीत गज कुठपर्यंत जातो त्याची खूण मी गजावर कोरून ठेवली आहे.

घोंगडीकडे वळण्याचं आणखी एक कारण झालं. मार्चमध्ये काथ्याचा बोळा धुमसत वाळक्या पानांच्या पातेर्‍यात पडला. वाळलेलं गवत, वारा, आणि बघता बघता हातभर ज्वाळा. शेजारचे काका हिरवा टाळा (पानांची डहाळी) घेऊन धावत आले आणि आम्ही दोघांनी ती झोडपून विझवली. ‘बोंडू (काजूची फळं) गेले तर पुढच्या वर्षी येतील रे, झाडं गेली असती तर?’ एवढंच ते म्हणाले. लोकर सहजी पेटत नाही आणि धुमसत राहत नाही. चकत्यांना मी मेण आणि खोबरेल लावतो. पहिल्यांदा खोबरेल जास्त झालं, ते आपल्या उकाड्यात पातळ होऊन दारूत उतरलं आणि बार गेलाच नाही. आता मेण दुप्पट घालतो. पुठ्ठ्याची चकती मध्ये हवी ती यासाठीच.

काजळीबद्दल थोडक्यात. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन राखेच्या रूपात उरतो आणि ती राख हवेतली ओल ओढते. गोव्याच्या हवेत दुसर्‍या सकाळी नळीत तांबूस गंज दिसतो. जाड दारूने चौथ्या-पाचव्या बारानंतर गज अडायला लागायचा, मध्यम दारूने सात-आठ बार सहज जातात. उडवलं त्याच रात्री कढत पाण्याने धुवायचं. पाणी काळं येतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास जाईपर्यंत धुवायचं, कोरडं करायचं, तेल द्यायचं.

एक तक्रार आहे. एका दुकानातून, पावती आणि परवान्यावरची नोंद सगळं रीतसर असूनही, मला असं पाकीट मिळालं ज्यात निम्मा भुगा होता. भुगा आणि दाणे मिसळलेली दारू कधी फुसकी जाते, कधी झटका देते, तिचा भरवसा धरता येत नाही. दाणेदार दारू करायची पद्धत युरोपात पंधराव्या शतकात आली ती अशाच भुकटीच्या त्रासातून. घेताना पाकीट कानाशी हलवून पाहा. चांगली दारू खुळखुळते, बोटांना धूळ लागत नाही, आणि ग्राफाइट चढवलेल्या दाण्याला मंद चकाकी असते. ते पाकीट मी परत केलं. आणि बिनधुराची दारू, काडतुसातली, ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरसुद्धा नाही. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही.

आता दारू लाकडी पेटीत, चुलीपासून दूर, मूळ डब्यात आहे. पितळी माप शेजारी. डब्यातून थेट नळीत ओतत नाही, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली तर पूर्ण डबा हातात पेटेल. पावसाच्या चार महिन्यांत बंदूक बाहेर काढायची ती फक्त पंधरवड्यातून एकदा, नळीतून पांढरी चिंधी फिरवून पाहायला. चिंधी तांबूस आली की पुन्हा तेल.