वेस्टवेग, ब्लॅक फॉरेस्ट: वीकेंडला तुकड्या-तुकड्यांत चालल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. जर्मनीत राहत असाल किंवा उन्हाळ्यात इथे कोणाकडे येणार असाल, तर वेस्टवेगचा, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगर-जंगलातून जाणाऱ्या लांब पायवाटेचा, निदान एक तुकडा चालाच. आम्ही दोघं कार्ल्सरूहेला राहतो, त्यामुळे एप्रिलपासून जमेल तेव्हा शनिवारी सकाळची ट्रेन पकडायची, मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे चालायचं, रात्री एखाद्या गावात मुक्काम आणि रविवारी संध्याकाळी घरी, असं करत करत फोर्त्सहाइमपासून हाउसाखपर्यंत आलोय. अख्खी वाट फोर्त्सहाइम ते बाझल, साधारण 285 किलोमीटर. लोक दोन आठवडे सुट्टी काढून सलग करतात, ते भारीच, पण तुकड्यांत चालण्यात एक वेगळी मजा आहे कारण तेच जंगल तुम्हाला मे महिन्यात पोपटी, ऑगस्टमध्ये वाटेच्या कडेने रानटी ब्लूबेरींनी भरलेलं आणि ऑक्टोबरमध्ये बीच नावाच्या झाडांच्या पानांनी तांबूस झालेलं असं तिन्ही रूपांत दिसतं.

सगळ्यात जास्त मार्क खुणांना. पांढऱ्यावर लाल चौकट, टोकावर उभी केलेली, बास एवढंच, पण जिथे वाट फुटते तिथे ती हमखास असते आणि वळल्यावर दहा-वीस पावलांत परत एक दिसते की बरोबर चाललायस म्हणून. चौकाचौकात पाट्या, त्यावर त्या जागेचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पुढच्या ठिकाणांची अंतरं. दरीत मोबाईलला रेंज नसते बऱ्याचदा, पण काही अडलं नाही. हे सगळं श्वार्त्सवाल्डफेराइन नावाची संस्था बघते, 1864 सालची, आणि वेस्टवेग त्यांनी 1900 मध्ये आखला. काम करणारे बहुतेक स्वयंसेवक. डोबेलच्या पुढे आम्हाला असेच एक आजोबा भेटले, हातात छोटी करवत, एका पाटीवर आलेली फांदी कापत होते. म्हणाले एवढा पट्टा माझ्याकडे आहे, ही फांदी दर वर्षी पाटी झाकते. मग रुमाल काढून पाटी पुसली, दोन पावलं मागे जाऊन लांबून वाचता येतेय का बघितलं, आणि आम्हाला "पुढे चिखल आहे, डावीकडून जा" सांगून निघून गेले. आपल्याकडे सह्याद्रीत ग्रुपची पोरं दगडांवर बाण काढतात, त्यांच्याबद्दल मला जेवढा आदर आहे तेवढाच या आजोबांबद्दल वाटला.

चढाईबद्दल विचारतात लोक. हरिश्चंद्रगडासारखं काही नाही, कुठे हात टेकावे लागत नाहीत, पण दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर होतात आणि पाय बोलायला लागतात. फोरबाखहून बाडेनर होहेचा चढ लांबच लांब आहे, तिथे हजार मीटर उंचीवर दगडी टॉवर आहे, नक्की चढा. हॉर्निसग्रिंडे (1164 मीटर, ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागातला सगळ्यात उंच डोंगर) वरून मोकळा, वारा सुटला की जॅकेट लागतंच, ऑगस्टमध्येसुद्धा. खालचा मुमेलझे तलाव मात्र वीकेंडला गाड्या आणि बसेसनी भरलेला, तिथे आम्ही थांबलो नाही.

पुढे नॅशनल पार्कचा भाग (पार्क 2014 मध्ये झालं) मला सगळ्यात आवडला. 26 डिसेंबर 1999 ला लोथार नावाचं वादळ आलं आणि इथली झाडं अक्षरशः आडवी झाली. थोडी वाट वाकडी करून लोथारफाड ही छोटी वाट बघा, तिथे पडलेली झाडं तशीच ठेवलीत, लाकडी पायऱ्यांवरून त्यांच्या मधून चालायचं. कुजलेल्या खोडावरच स्प्रूसची बोटभर रोपं उगवलेली असतात, जरा वाकून बघा.

जेवणाचं. आम्ही व्हेज. केझेश्पेट्स्ले (चीज घातलेले अंड्याच्या पिठाचे नूडल्स) जवळपास सगळीकडे मिळतात, वर खरपूस तळलेला कांदा, दिवसभर चालल्यावर ती प्लेट संपते म्हणजे संपते. तळलेले बटाटे मागवाल तर "ओने श्पेक" आवर्जून सांगा, नाहीतर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात. सूप बहुतेक बीफच्या स्टॉकचं, विचारून घ्या. एका मुक्कामी फोनवर व्हेज चालेल म्हणाले आणि ताटात नुसतं सॅलड आलं, त्या रात्री थेपल्यांवर भागलं, म्हणून बॅगेत थोडं आपलं असू द्या. गावातल्या गास्टहाउसना (जेवण-मुक्कामाच्या खानावळींना) आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असते, बऱ्याच ठिकाणी सोमवार-मंगळवार, आणि किचन दुपारी दोननंतर बंद ते सहापर्यंत. रविवारी दुकानं बंद, सकाळी बेकरी काय ती उघडी. कॅश ठेवा. पाण्यासाठी गावातलं कब्रस्तान शोधा, तिथे नळ असतो, फक्त "काइन ट्रिंकवासर" लिहिलंय का बघा, लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही.

येण्या-जाण्याचा खर्च डॉइचलांडटिकेटमुळे (देशभरातल्या लोकल ट्रेन-बसचा महिन्याचा पास) वेगळा होतच नाही. ते नसेल तरी ब्लॅक फॉरेस्टमध्ये मुक्काम केला की बहुतेक गावांत कोनुस कार्ड मिळतं, त्यावर तिथल्या बस आणि लोकल ट्रेन फुकट, चेक-इनलाच मागून घ्या. वरच्या खिंडींतल्या बस कमी आहेत, शेवटची कधी ते सकाळीच बघून ठेवायचं.

एक गोष्ट खरंच गांभीर्याने घ्या, गोचीड. बाडेन-व्युर्टेमबर्गचा जवळपास सगळा भाग एफएसएमईच्या (गोचीड चावून होणारा मेंदूज्वर) धोक्याचा आहे, लस तीन डोसची असते, वेळेत सुरू करा. बोरेलियोसिसवर (गोचिडीमुळेच होणारा लाइम आजार) लस नाही, त्यामुळे रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासायचंच, लहान मुलं असतील तर केसांतसुद्धा.

आई-बाबा येणार असतील तर त्यांना काल्टेनब्रोनला न्या. होलोझेभोवती दलदलीवरून फळ्यांची सपाट वाट आहे, पाणी काळ्या चहाच्या रंगाचं, चढ फारसा नाही. माझ्या बाबांचा गुडघा दुखतो तरी ते आरामात चालले, आणि परत न्या म्हणाले. आमचं पुढचं म्हणजे हाउसाख ते फारेनकोप्फ, सुरुवातीलाच साडेपाचशे मीटर चढ, तो बर्फ वितळला की मार्च-एप्रिलमध्ये. कोणी कार्ल्सरूहे किंवा श्टुटगार्टहून येणार असेल तर सांगा, सोबत जाऊ.