सीलबंद खोक्यातला बनावट ऑइल फिल्टर

गेल्या वर्षी मे महिन्यात, पेरणीची धावपळ सुरू होण्याआधी गाडीचे ऑइल बदलून घ्यावे म्हणून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तालुक्याच्या बाजारात गेलो आणि तिथल्या एका सुट्या भागांच्या दुकानातून ऑइल फिल्टर विकत घेतला. खोके सीलबंद होते, त्यावर नामांकित कंपनीचे नाव आणि होलोग्राम होता, आणि ४५० रुपये छापील किमतीचा माल दुकानदार ३०० रुपयांत देत होता. मी बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, "पक्क बिल पाहिजे असन त सूट नाही भेटनार, भाऊ." दीडशे रुपयांसाठी मी बिल सोडले, आणि माझी खरी चूक तिथेच झाली.

फिल्टर आमच्या गावच्या मेकॅनिकने नीट बसवून दिला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांतच सकाळी गाडी सुरू करताना तीन-चार सेकंद खडखड असा आवाज येऊ लागला आणि ऑइलचा लाल दिवाही पूर्वीपेक्षा उशिरा विझू लागला. उन्हाने ऑइल पातळ झाले असेल अशी मी मनाची समजूत घातली आणि बियाणे-खतांच्या फेऱ्या चालू ठेवल्या. सप्टेंबरमध्ये चढावर इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले, तेव्हा गाडी यवतमाळला एका जुन्या, जाणत्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उघडले. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगवर ओरखडे पडलेले होते. मग त्यांनी माझ्यासमोर फिल्टरचा डबा कापला, आणि आत जे दिसले ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण बाहेरून त्यातले काहीच कळत नव्हते.

चांगल्या फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या दाट आणि एकसारख्या असतात, आणि त्यांची दोन टोके जिथे जुळतात तो सांधा पक्का असतो. माझ्या फिल्टरमध्ये घड्या मोजक्या होत्या आणि सांधा उघडा पडला होता, म्हणजे काजळी आणि धातूचा बारीक चुरा घेऊन आलेले ऑइल न गाळताच पुढे इंजिनात जात होते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल खाली उतरू नये म्हणून आत रबराची एक झडप असते; ती इतकी कडक झाली होती की नखाने दाबली तरी वाकेना. माझ्या गाडीत फिल्टर आडवा बसतो, त्यामुळे रात्रभरात तो रिकामा होई आणि रोज सकाळी पहिले काही सेकंद इंजिन कोरडे फिरे. तो आवाज याचाच होता. तिसरी वस्तू म्हणजे बायपास झडप. ऑइल थंडीने घट्ट झाले किंवा कागद तुंबला, तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून ती ठरावीक दाबाला उघडते. काही गाड्यांत ती इंजिनातच असते, माझ्या गाडीत ती फिल्टरमध्ये हवी होती, आणि या डब्यात तिच्या जागी नुसता पत्रा होता. इंजिनाच्या कामाला ३८,००० रुपये लागले. कापूस अजून घरात यायचा होता, त्यामुळे ते पैसे उसने घ्यावे लागले.

माझ्या पुतण्याकडे नागपूरला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेली पेट्रोल गाडी आहे आणि तो ती वेगाने चालवतो. अशा गाडीत हा धोका अधिक, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. त्याला एका दुकानात "आटे जुळतात, आकाराने मोठा आहे, म्हणजे जास्त चांगला" असे सांगून दुसऱ्याच गाडीचा फिल्टर देऊ केला होता. आटे जुळले तरी बायपासचा दाब वेगळा असू शकतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतला पार्ट नंबर खोक्यावर आणि डब्यावर, दोन्हीकडे जुळवून पाहावा. जोरात चालणाऱ्या गाडीसाठी कृत्रिम धाग्यांचा गाळक आणि सिलिकॉनची झडप असलेला फिल्टर मिळाला तर उष्णतेत तो अधिक टिकतो, मात्र तोही त्याच गाडीसाठी दिलेला असावा.

विकत घेताना उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष आणि छपाई पाहावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये. डब्याच्या तोंडाशी असलेल्या छिद्रांतून काडीने रबर हलकेच दाबून पाहावे, ते मऊ लागले पाहिजे. आटे स्वच्छ असावेत, त्यांत लोखंडाचा कीस नसावा. फिल्टर बसवल्यावर त्याचे रिकामे खोके गॅरेजमध्ये तसेच टाकून न देता फाडावे, कारण अस्सल खोक्यात नकली माल भरणे सोपे असते.

कापलेला डबा घेऊन मी त्या दुकानात परत गेलो. "हा माल आमच्या इथचा नाहीच. बिल असन त दाखवा," एवढेच उत्तर मिळाले. बिल असते तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता आली असती, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्कही लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच आला. तो कापलेला डबा आता आमच्या गावच्या मेकॅनिकच्या टेबलावर ठेवला आहे, आणि ऑइल बदलायला आलेल्या प्रत्येकाला तो आधी तो डबा हातात देतो.