राउटरचे अँटेना बदलून घेताना माझी फसवणूक झाली, तुमची होऊ नये म्हणून लिहितोय

मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो, पेटी शिकवतो, आणि आता माझे निम्मे विद्यार्थी ऑनलाइन आहेत, दोन तर दुबईला. घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, भिंती दीड-दीड फुटाच्या. फायबरची लाइन पुढे सोप्यावर येते आणि मी शिकवतो ती खोली एकदम मागे कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) बाजूला, मधे तीन भिंती. पावसाळ्यात चिरा ओल धरतो तेव्हा रेंज आणखी पडते, तान अर्ध्यात तुटते, विद्यार्थी म्हणतो सर परत वाजवा, आणि तासाचे पैसे घेताना मला लाज वाटते. म्हणून काहीतरी करायचं ठरवलं.

म्हापशाला एक रिपेअरवाला आहे, नाव लिहीत नाही. राउटर दाखवला, दोन अँटेनावाला, अँटेना कंपनीने बसवलेले, नुसते वाकवता येतात पण निघत नाहीत. तो लगेच म्हणाला, मास्तर हे फिक्स अँटेना कापून टाकूया आणि स्क्रूवाले लावूया, 12 डीबीआयचे (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटून फेकतो त्याचं माप), तीन भिंती काय आणि पाच काय, पुढे कधी मोठे पाहिजे झाले तर तुम्हीच फिरवून बदला. दोन अँटेनाचे 1,200 आणि कामाचे 1,000. वॉरंटीचं विचारलं, राउटर दहाच महिन्यांचा, 2,900 ला घेतलेला, तर म्हणाला "कांयच जावचें ना मास्तर, हांव आसां" (काही होणार नाही, मी आहे). बिल मागितलं तर म्हणे बिल काढलं तर जीएसटी वर लागेल, मी पण गप्प राहिलो आणि त्याच्या पर्सनल नंबरवर यूपीआय केलं. ही माझी पहिली चूक. दुसरी म्हणजे राउटर ठेवून दोन दिवसांनी या म्हणाला आणि मी ठेवून आलो. जुने अँटेना पण परत मागितले नाहीत.

परत घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवर राउटर चालू करून त्याने माझाच फोन माझ्यासमोर धरला, सगळ्या दांड्या फुल. तीन फुटांवरून! हे लक्षात ठेवा, तीन फुटांवर अँटेना नसलेला राउटरसुद्धा फुल दांड्या दाखवतो. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

घरी आणून लावला तर मागच्या खोलीत नेट जवळजवळ मेलेलंच. नशीब म्हणजे राउटर नेण्याआधी मी त्याच खोलीत, पेटीच्या बाजूला फोन ठेवून, वायफाय मोजायच्या ॲपचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, वजा 71 डीबीएम. आता त्याच जागी वजा 89. ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, वजाच्या पुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी, 3 ने वाढला की निम्मा आणि 10 ने वाढला की दहावा हिस्सा. म्हणजे माझा सिग्नल साठ-पासष्ट पटीने पडला होता, पैसे देऊन.

त्याला फोन केला तर म्हणाला तुमच्या घराचे चिरे खराब, वर 900 चा बूस्टर लावावा लागेल. खरं सांगतो, मी तो घ्यायला निघालोच होतो, चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर आलेली, विद्यार्थ्यांना बसवलेली गाणी पूर्ण करायची होती. भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, तो म्हणाला मामा आधी उघडून बघूया.

उघडला. मी बाजूलाच बसलो होतो म्हणून जे बघितलं ते तसंच लिहितो. फिक्स अँटेनाच्या बुडातून एक बारीक वायर आत बोर्डावर येते, मधे एक तार आणि तिच्याभोवती जाळी, दोन्ही आपापल्या ठिकाणी सोल्डर केलेल्या असतात. काढता येणारा अँटेना लावायचा तर ही वायर बोर्डावरून पूर्ण काढायची, कव्हरला साडेसहा मिलिमीटरचं भोक पाडून त्यात पितळी सॉकेट नटाने घट्ट बसवायचं आणि सॉकेटची नवीन वायर त्याच दोन ठिकाणी सोल्डर करायची, तार उघडी ठेवायची ती दोन-तीन मिलिमीटरच. या माणसाने काय केलं होतं, तर जुनी वायर मधेच कापून नव्या वायरीला पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळली होती, घरच्या बटणाला करतात तशी. भाच्याने अँटेना काढून मल्टिमीटर लावला, दोन टोकं आतून जोडलेली असली की तो बीप वाजवतो, सॉकेटची मधली तार आणि बाहेरचं पितळ यांच्यात बीप वाजला, म्हणजे टेपच्या आत तार आणि जाळी एकमेकांना चिकटलेली, शॉर्ट. सॉकेट पण नटाने नाही, ग्लू गनच्या गोंदाने चिकटवलेलं, बोटाने हललं.

दुसऱ्या बाजूचं तर आणखी वाईट. हे स्क्रूवाले कनेक्टर दोन जातीचे असतात, एसएमए आणि आरपी-एसएमए, बाहेरून आटे अगदी सारखे. अँटेना निघणाऱ्या घरगुती राउटरला बहुधा आरपी-एसएमए असतो, राउटरच्या सॉकेटमध्ये मधे बारीक पिन आणि अँटेनात तिच्यासाठी भोक. याने राउटरला साध्या एसएमएचं सॉकेट लावलं, त्यातही भोक, आणि अँटेना आरपी, त्यातही भोक. आटे घट्ट बसतात, बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, आत मात्र तार तारेला लागतच नाही. दोन्ही भोकं समोरासमोर धरून भाच्याने दाखवलं तेव्हा मला खरंच रडू आलं, कारण महिनाभर मी माझ्या घरालाच दोष देत होतो.

मग मी अँटेना पण कापून बघितला, पातळ पात्याने, सालीसारखं प्लास्टिक निघालं. वीस सेंटिमीटरची नळी, आत तीन सेंटिमीटर तार, तिच्याखाली तेवढीच पितळी नळी, वरचं सगळं रिकामं. हा साधा दोन डीबीआयचा अँटेना झाला, वर छापलंय 12. खरा 9 डीबीआयचा अँटेनासुद्धा जवळजवळ हातभर लांब असतो, 12 त्याहून मोठा. आणि डीबीआय वाढला म्हणजे ताकद वाढली असंही नाही, तोच सिग्नल आडवा दाबून लांब फेकतो, वर माडीवर उलट कमीच मिळतो.

राउटर आणि कापलेला अँटेना पिशवीत घालून म्हापशाला गेलो, दुकानात चार गिऱ्हाइकं असताना काउंटरवर मांडला, 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार म्हणालो आणि यूपीआयची पावती, त्याचे मेसेज आणि दोन्ही स्क्रीनशॉट दाखवले. 1,200 परत दिले. कामाचे हजार नाही दिले, राउटरची वॉरंटी तर गेलीच.

तुम्हाला अँटेना बदलायचेच असतील तर राउटर दुकानात सोडून येऊ नका, समोर बसून करून घ्या, कव्हर बंद करायच्या आधी आतला फोटो काढा. अँटेना न लावता मीटरने तपासून मागा, बोर्डावरच्या मधल्या टाक्यापासून सॉकेटच्या मधल्या पिनपर्यंत बीप वाजला पाहिजे आणि पिन ते बाहेरचं पितळ यांच्यात वाजता कामा नये. अँटेना लावल्यावर हा बीप धरू नका, काही चांगल्या अँटेनात तो मुद्दामच वाजतो. अँटेनावर 2.4 आणि 5 (वायफायचे दोन बँड, गिगाहर्ट्झमध्ये) दोन्ही लिहिलेलं बघा. घरातलं रीडिंग आधीचं आणि नंतरचं, त्याच जागी. बिल घ्या, जीएसटी लागला तर लागू दे.

माझं काम शेवटी वायरीनेच झालं. सोप्यावरून माळ्यावरून मागच्या खोलीपर्यंत कॅट सिक्स केबल (नेटची वायर) ओढली, टोकाला दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट करून लावला, म्हणजे वायरीने आलेलं नेट तो तिथेच वायफायने देतो. पेटीजवळ आता वजा 42 येतं, आणि काल दुबईच्या मुलीने पूर्ण तास एकदाही सर परत वाजवा म्हटलं नाही.