एनआरएस चिनूक लाइफ जॅकेट: थंडीत कयाकवरून बास पकडणाऱ्यांनी रॉडच्या आधी हे घ्यावं

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो, घ्या. स्वस्त नाही, तेवढ्या पैशात मासेमारीच्या रॉडची नवीन रील (दोरी गुंडाळायची चकरी) येते हे मलापण माहितीये, पण ऑक्टोबरनंतर कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद छोट्या बोटीतून, बास माशासाठी जाणार असाल तर रील जुनीच राहू दे, हे आधी. आता सविस्तर लिहितो, कारण इथल्या आपल्या बऱ्याच मंडळींनी गेल्या काही वर्षांत कयाक घेतल्यात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "कुठला लूर लावतोस?", म्हणजे नकली आमिष कुठलं. जॅकेटचं कुणीच विचारत नाही.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये असतो, वुस्टर आणि श्रूजबरीच्या मधे क्विनसिगमंड नावाचं लांबलचक तळं आहे, साधारण चार मैल, तिथे जातो. बासच्या दोन जातींपैकी लार्जमाऊथ भरपूर, मधेच स्मॉलमाऊथपण लागतो. उन्हाळ्यात तिथे मोटरबोटी, जेट स्की, रोइंगवाले, नुसती जत्रा असते, आणि ऑक्टोबर संपत आला की सगळं रिकामं. तेव्हाच बास चांगला मिळतो, हिवाळ्याआधी खाऊन घेत असतो. म्हणजे मासे चांगले आणि मदतीला आजूबाजूला कुणी नाही, पाणी पन्नास फॅरनहाइटकडे (१० सेल्सिअस) उतरत चाललेलं, हे सगळं एकाच वेळी येतं. जॅकेटचा रिव्ह्यू वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवा.

"मला पोहता येतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. आपल्यातले बरेचजण गावाकडे विहिरीत कमरेला डबा बांधून पोहायला शिकले, कृष्णेच्या पुरात उड्या मारलेले लोक आहेत, त्यांचं पोहणं खरंच उत्तम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ते पाणी कोमट होतं हो. १० सेल्सिअसच्या पाण्यात पडल्यावर पहिला प्रश्न पोहण्याचा नसतोच, श्वासाचा असतो. मॅनिटोबा युनिव्हर्सिटीचे गॉर्डन गीस्ब्रेख्त म्हणून संशोधक आहेत, ते स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून दाखवतात, त्यांनी १-१०-१ असा साधा हिशोब दिलाय. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, थंड पाणी अंगाला लागलं की माणूस आपोआप जोरात आत श्वास ओढतो आणि मग धापा टाकत राहतो, आणि तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना ओढला गेला तर पाणी थेट आत. नंतरची १० मिनिटं हातपाय कामाचे, त्यातच कयाकवर परत चढायचं किंवा काठ गाठायचा. आणि साधारण १ तास, गारठून बेशुद्ध व्हायला. हे आकडे मोघम आहेत, पाण्याप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतात, पण क्रम तोच. लोकांना वाटतं माणूस गारठून जातो, आणि खरं तर बरेचजण त्या तासापर्यंत पोचतच नाहीत, पहिल्या काही मिनिटांतच बुडतात. जॅकेटचं काम त्या पहिल्या मिनिटाचं आहे, तुम्ही काही करायच्या परिस्थितीत नसताना तोंड पाण्यावर धरून ठेवायचं.

यूएस कोस्ट गार्डच्या २०२२ च्या बोट अपघातांच्या आकडेवारीत बुडून गेलेल्यांपैकी, जॅकेटची नोंद असलेल्यांमध्ये, ८५ टक्के लोकांनी जॅकेट घातलेलं नव्हतं. सीटच्या मागे बांधून ठेवलेलं जॅकेट काही उपयोगाचं नाही. आणि आमच्याकडे कायदाच आहे, १५ सप्टेंबर ते १५ मे कयाक किंवा कनूमध्ये ते अंगात पाहिजे, नुसतं बोटीत असून चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये २१ फुटांखालच्या बोटींना १ नोव्हेंबर ते १ मे असाच नियम आहे.

आता चिनूककडे. हे फोमचं जॅकेट आहे, साडेसोळा पाउंडाची तरंगण्याची ताकद. खालच्या बाजूला पाठीवर फोम नाही, जाळी आहे, फोम वर खांद्यांच्या मधे. कयाकची सीट उंच पाठीची असते आणि साधं जॅकेट घातलं की पाठीमागचा फोम सीटला टेकून माणूस पुढे ढकलला जातो, जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि तासाभरात वैतागून लोक काढून टाकतात. याच्यात तसं होत नाही, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा हाच, दिवसभर अंगात राहतं. हातांच्या जागा मोकळ्या कापल्यात त्यामुळे कास्ट करताना, वल्हं मारताना कुठे घासत नाही. पुढे झिपचे मोठे कप्पे, प्लायर अडकवायची सोय, रॉड टेकवायला लूप. थंडीत आणखी एक फायदा, फोम छातीला ऊब देतो, वारा सुटला की फरक लगेच कळतो.

फुगणाऱ्या जॅकेटबद्दल नेहमी विचारतात, ते पट्ट्यासारखं गळ्यात बसतं, हलकं असतं, दिसायलाही बरं. मोठ्या बास बोटीवर उन्हाळ्यात मी त्याला नाव ठेवणार नाही. कयाकवर थंडीत मात्र नको. हाताने दोरी ओढून फुगवायचं असेल तर ती दोरी तुम्हाला नेमकी त्या पहिल्या मिनिटात शोधायचीये. आपोआप फुगणारं असेल तर त्यातल्या काहींमध्ये पाण्यात विरघळणारी गोळी असते, कयाकमध्ये सतत पाणी उडत असतं त्यामुळे नको तेव्हा फुगू शकतं, आणि फुगवणारा गॅसचा सिलेंडर नीट घट्ट आहे का, तारीख संपली का, हे दरवेळी बघावं लागतं. न फुगलेलं असताना ऊब शून्य. १६ वर्षांखालच्या मुलांना ते चालतही नाही. फोमला बटण नाही, सिलेंडर नाही, बिघडायला काही नाही.

पुढे कप्पे असलेल्या सगळ्याच जॅकेटांची एक अडचण आहे, कप्पे ठासून भरले की छातीवर गठ्ठा होतो आणि पाण्यातून कयाकवर पोटावर सरपटत चढताना तो अडतो. म्हणून मी कप्प्यात मोजकंच ठेवतो. शिट्टी, वॉटरप्रूफ पिशवीत फोन (फोन कयाकमध्ये ठेवू नका, कयाक वाऱ्याने वाहून गेली की फोनपण गेला), प्लायर, आणि एक पातळ डबी. परत चढण्याचा सराव उन्हाळ्यात गरम पाण्यात करा, जॅकेट घालून, भरलेले कप्पे घेऊन, कुणीतरी सोबत असताना.

त्या पातळ डबीत काय, तर थंडीत लागतंच किती. नेड रिग. मशरूमच्या टोपीसारखं डोकं असलेला छोटा जिग (वजन जोडलेला गळ), एक दशांश किंवा एक षष्ठांश औंसाचा, आणि त्यावर झी-मॅन कंपनीचा पावणेतीन इंची टीआरडी, मऊ प्लॅस्टिकचा किडा. हे प्लॅस्टिक तरंगतं, त्यामुळे जिग तळाला टेकला की शेपटी वर उभी राहते, तुम्ही काही न करता. गार पाण्यात बासचं शरीर मंदावतं, तो लांब पाठलाग करत नाही, त्यामुळे हळू म्हणजे खरंच हळू, टाकायचं, बसू द्यायचं, थोडं ओढायचं, परत थांबायचं. एक काळजी घ्या, हे प्लॅस्टिक दुसऱ्या कंपनीच्या रबरी किड्यांबरोबर एका कप्प्यात ठेवलं तर वितळून चिकटून लगदा होतो, त्याच्याच पाकिटात राहू द्या.

आणि जिग शिशाचा नको. मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांमध्ये एक औंसाखालचे शिशाचे जिग आणि वजनं २०१२ पासून बंद आहेत, लून नावाचे पाणपक्षी ती गिळून विषबाधेने मरतात म्हणून. ऑनलाइन स्वस्तात पाकिटं मिळतात ती बऱ्याचदा शिशाचीच असतात, घेताना नीट वाचा. टंगस्टन महाग आहे पण शिशापेक्षा जड आणि कडक, तेवढ्याच वजनाचा जिग लहान दिसतो, आणि तळाला दगड आहे की चिखल ते हाताला स्पष्ट कळतं. मला तर कायदा नसता तरी टंगस्टनच घ्यावंसं वाटलं असतं. थंडीतला बास हिसका देत नाही, दोरी नुसती जड झाल्यासारखी वाटते. मुरुड-अलिबागकडे खडकावर बसून गरवणाऱ्यांना ही बोटाची समज आधीपासून असते, ते लोक नेड रिग फार पटकन शिकतात.

रॉड सात फुटी मीडियम लाइट स्पिनिंग, दहा पाउंडाची ब्रेड (विणलेली दोरी) आणि तिच्या पुढे आठ पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे आमिषाजवळचा एकपदरी दोरीचा तुकडा. ब्रेड पाणी धरून ठेवते, कडक थंडीत गाइडमध्ये (रॉडवरच्या कड्यांमध्ये) बर्फ धरतो, तेव्हा मी सगळीकडे फ्लुरोच भरतो. दुसरा रॉड नेला तर त्यावर सस्पेंडिंग जर्कबेट, म्हणजे थांबवलं की पाण्यात मधेच अधांतरी राहणारं माशाच्या आकाराचं आमिष, दोन झटके आणि मग दहा-पंधरा सेकंद काही नाही. हा थांबा लोकांना जमत नाही आणि मासा त्या थांब्यातच लागतो. लीडर घरीच बांधून न्या, बोटं गारठली की गाठ बसत नाही. आणि तीच बोटं पाण्यात पडल्यावर बकल उघडू-लावू शकणार नाहीत, म्हणून जॅकेटची बकलं किनाऱ्यावरच लावा, पट्टे तिथेच ओढून घ्या.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो, जॅकेट तरंगवतं पण गारठण्यापासून पूर्ण वाचवत नाही, पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं. जीन्स आणि कॉटनचा स्वेटशर्ट नको, आत लोकर किंवा फ्लीस आणि वरून ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पूर्ण अंगाचा सूट. ड्रायसूट महाग आहे, जॅकेटच्या कितीतरी पट, आणि तो परवडत नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की नोव्हेंबरनंतर काठावरून मासे पकडा.

साइझ छातीच्या मापावर असते. दुकानात जाताना जाड फ्लीस घालून जा, पट्टे आवळा आणि कुणालातरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा, हनुवटीपर्यंत आलं तर एक साइझ लहान बघा. शक्य असेल तर दुकानातल्या कयाकच्या सीटवर बसूनच घालून बघा, उभं राहून सगळीच जॅकेटं छान बसतात. रंग पिवळा, लाल, नारिंगी असा काहीतरी भडक घ्या. ऑलिव्ह रंग फोटोत भारी दिसतो, पण नोव्हेंबरच्या राखाडी पाण्यात तो काठावरून कुणालाच दिसत नाही.