तिसरा क्वार्टरबॅक: फेकत राहावं की जागा बदलावी?

ऑगस्ट संपता संपता एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, प्रत्येक संघाला शिबिरातल्या ९० खेळाडूंमधून ५३ जणांचा रोस्टर, म्हणजे हंगामासाठीची यादी, काढावा लागतो. बत्तीस संघ धरले, तर एकाच दिवसात हजारावर पोरांचा बाडबिस्तरा बांधला जातो. त्यात सगळ्यात अवघडलेला असतो तो तिसरा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणाऱ्यांतला तिसऱ्या क्रमांकाचा. शाळेपासून हा संघाचा राजा होता, कॉलेजात पोस्टरवर याचाच फोटो होता, आणि आता कोच हळूच विचारतो, "रिसीव्हर म्हणून बघायचं का? की टाइट एंड?" रिसीव्हर म्हणजे धावत जाऊन पास झेलणारा; टाइट एंड झेलतोही आणि समोरच्याला अडवतोही. हो म्हणावं की नाही, याचा हिशेब इथे मांडतो. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या नाहीत, तेव्हा मीही त्या सारख्या दाखवणार नाही.

आधी खुर्च्या मोजा

५३ जणांत क्वार्टरबॅक दोन असतात, कधी तीन. रिसीव्हर पाच-सहा, टाइट एंड तीन-चार. वरवर पाहिलं तर जागा बदलली की संधी दुप्पट व्हायला हवी, पण तसं होत नाही. सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जणांनाच गणवेश चढवता येतो. पाचवा रिसीव्हर किंवा तिसरा टाइट एंड त्या ४८ मध्ये बसतो तो त्याच्या झेलांमुळे नव्हे. पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्या संघाला देणं) आणि किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) यांच्या वेळी धावत जाऊन समोरच्याला पाडणं, अडवणं, किंवा चेंडू घेऊन परत पळणं, म्हणजे ज्याला स्पेशल टीम्स म्हणतात, ती कामं तो करतो म्हणून. क्रिकेटमधला दुसरा यष्टिरक्षक नुसता फलंदाज म्हणून संघात टिकतो, तेव्हा त्याला ग्लोव्ह्ज काढून सीमारेषेवर पळावंच लागतं; हे साधारण तसंच आहे.

म्हणून "तुला झेल घेता येतो का?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: "चाळीस यार्ड पळत जाऊन तू एखाद्याला जमिनीवर पाडशील का?" क्वार्टरबॅकने हे आयुष्यात कधी केलेलं नसतं. सरावात त्याच्या अंगावर लाल जर्सी असते, तिचा अर्थच मुळी 'याला हात लावू नका'.

फेकत राहणाऱ्याच्या बाजूने एक नियम बदलला, तोही सांगायला हवा. जानेवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियात एनएफसीचा, म्हणजे लीगच्या दोनपैकी एका गटाचा, अंतिम सामना झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीचं कोपर गेलं, मग जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला, आणि चेंडू फेकूच न शकणाऱ्या पर्डीला पुन्हा मैदानात यावं लागलं. सामना तिथेच संपल्यात जमा होता. त्याच वर्षी लीगने नियम आणला, की तिसरा क्वार्टरबॅक ४८ च्या बाहेर ठेवून गणवेशात बसवता येईल आणि पहिले दोघे निकामी झाले तरच तो खेळेल. मात्र नियम आला तेव्हा हा तिसरा गडी ५३ मधलाच असावा, अशी अट होती. म्हणजे सामन्याच्या दिवशीची अडचण सुटली, रोस्टरवरची तशीच राहिली. तिसऱ्याला सराव पथकात (५३ च्या बाहेर, सरावासाठी ठेवलेल्यांत) ढकलण्याचा मोह संघांना होणारच.

पैशात हा फरक केवढा? २०२५ मध्ये नवख्याला ५३ मध्ये किमान ८,४०,००० डॉलर मिळत होते. सराव पथकात आठवड्याला १३,००० डॉलर, म्हणजे १८ आठवडे पूर्ण राहिला तर २,३४,०००. शिवाय सराव पथकातल्याला कुठल्याही मंगळवारी निरोप मिळू शकतो.

फेकत राहिलात तर

या रस्त्याचा आदर्श म्हणजे चेस डॅनिएल. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कुणी घेतलं नाही. पुढे डझनभराहून जास्त हंगाम तो लीगमध्ये टिकला आणि सुरुवातीपासून खेळलेले सामने जेमतेम पाच. कमाई चार कोटी डॉलरच्या घरात. गुडघे शाबूत, डोकं शाबूत. बॅकअप क्वार्टरबॅकची दुसरी खुर्ची ही या खेळातली सगळ्यात सुखाची नोकरी आहे, असं मला खरंच वाटतं.

पण ती खुर्ची दुसरी. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जायला हात थोडा जास्त जोरदार असून भागत नाही. आठवडाभर पहिल्या क्वार्टरबॅकसोबत फिल्म बघणं, समोरच्या संघाच्या बचावाची नक्कल करून दाखवणं, आणि बुधवारच्या सरावात एकही स्नॅप (प्रत्यक्ष खेळायला मिळणारा डाव) न मिळता रविवारी मैदानात उतरायची तयारी ठेवणं, या कामात कोचला तुमचा भरवसा वाटायला लागतो. जॉश जॉन्सनने हेच केलं. २००८ च्या पाचव्या फेरीतला हा खेळाडू चौदा वेगवेगळ्या संघांच्या दारात गेला, आणि तोच एक विक्रम झाला. ज्याला दर सहा महिन्यांनी नवं घर भाड्याने घ्यायची आणि नवी परिभाषा पाठ करायची तयारी आहे, त्याने खुशाल हा रस्ता धरावा.

"जागा बदल" या सल्ल्याला एक जुना, कडवट वास आहे, तोही विसरून चालणार नाही. १९६८ मध्ये डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को क्वार्टरबॅक म्हणून उतरला. एएफएलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये, सुरुवातीपासून ही जागा खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्या हंगामात त्याने १४ टचडाउन पास (ज्यावर थेट गुण मिळतात असे) दिले, आणि पुढच्या वर्षी त्याला ती जागा लढवायचीही संधी मिळाली नाही. बफेलोत जाऊन तो रिसीव्हर झाला, आणि झालाही असा की १९७२ च्या अपराजित मायामी संघात होता. वॉरन मूनने मात्र दुसऱ्या जागेचा विचारच केला नाही. १९७८ मध्ये तो सरळ कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच ग्रे कप (तिथल्या लीगचं विजेतेपद) जिंकला, १९८४ मध्ये ह्यूस्टनला परतला आणि शेवटी हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. २०१८ मध्ये लामार जॅक्सनलाही रिसीव्हर होण्याचे सल्ले मिळालेच होते. पुढच्याच वर्षी तो लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला.

तरीही या दोघांची नावं घेऊन तिसऱ्या क्वार्टरबॅकने हट्ट धरू नये. मून आणि जॅक्सन अव्वल दर्जाचे होते आणि त्यांना चुकीच्या कारणाने दुसरीकडे ढकललं जात होतं. तुम्हाला तीन शिबिरांतल्या तीन वेगळ्या कोचांनी तिसऱ्यावर ठेवलं असेल, तर गोष्ट वेगळी आहे.

बदललीत तर

सगळे ज्युलियन एडेलमनचं उदाहरण देतात, आणि निम्मंच देतात. केंट स्टेटचा क्वार्टरबॅक, उंची पाच फूट दहा इंच, २००९ च्या सातव्या फेरीत २३२ वा. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, एमव्हीपी, १० झेल आणि १४१ यार्ड. पण हजार यार्डांचा पहिला हंगाम त्याला २०१३ मध्ये मिळाला, म्हणजे पाचव्या वर्षी. मधली चार वर्षं तो रोस्टरवर टिकला कशावर? पंट परत आणण्यावर. मध्ये एक हंगाम त्याला बचावातही उभं केलं गेलं. रिसीव्हर व्हायला जो वेळ लागला, तो स्पेशल टीम्सनी विकत घेऊन दिला. केंट स्टेटचाच जॉश क्रिब्स त्याच्या आधी याच वाटेने गेला होता: ड्राफ्टमध्ये नाव नाही, क्लीव्हलंडकडून किकऑफ परत आणत आठ टचडाउन.

उंचापुऱ्याची गोष्ट निराळी. लोगन थॉमस साडेसहा फूट उंच, २०१४ च्या चौथ्या फेरीत ॲरिझोनाने क्वार्टरबॅक म्हणून घेतलेला. त्या हंगामात त्याने नऊ पास फेकले आणि त्यातला एकच पोहोचला. तोही ८१ यार्डांचा टचडाउन! पुढे संघ बदलत बदलत तो टाइट एंड झाला, आणि २०२० मध्ये वॉशिंग्टनकडून ७२ झेल, ६७० यार्ड, सहा टचडाउन. ड्राफ्टपासून सात हंगाम मोजा. टाइट एंडला निम्मा वेळ सव्वाशे किलोच्या माणसाला अडवायचं असतं. ते पायांत आणि कमरेत मुरायला वर्षं जातात, आणि पुस्तकातून शिकता येत नाही. ब्लेक बेल या बाबतीत शहाणा निघाला. ओक्लाहोमाचा हा क्वार्टरबॅक कॉलेजच्या शेवटच्या वर्षीच टाइट एंड झाला, २०१५ मध्ये चौथ्या फेरीत निवडला गेला आणि मुख्यतः अडवण्याच्या कामावर अनेक वर्षं लीगमध्ये राहिला. नाव फार गाजलं नाही, नोकरी मात्र पक्की.

उलट टोकाला टिम टीबो. २०१० च्या पहिल्या फेरीत २५ वा. २०१२ च्या जानेवारीत पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेतल्या पहिल्याच चेंडूवर ८० यार्डांचा पास देऊन त्याने डेन्व्हरला प्लेऑफचा सामना जिंकून दिला. नंतर न्यू इंग्लंड आणि फिलाडेल्फियाच्या शिबिरांतून क्वार्टरबॅक म्हणूनच बाहेर पडला. दुसरी जागा नको, हे त्याचं म्हणणं ठाम होतं. शेवटी २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलकडे टाइट एंड म्हणून आला. १४ ऑगस्टला पहिला सरावसामना, त्याच दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस. त्या सामन्यातल्या त्याच्या अडवण्याची चित्रफीत हसण्यासाठी फिरली आणि तीन दिवसांत त्याला मोकळं केलं गेलं. २५ व्या वर्षी हाच माणूस हेच शिकायला बसला असता तर? मला वाटतं, जमलं असतं. ताकद होती, मार खायची हौसही होती.

टेरेल प्रायरने मधला रस्ता दाखवला. ओकलंडचा क्वार्टरबॅक, २०१५ मध्ये क्लीव्हलंडला रिसीव्हर, २०१६ मध्ये १,००७ यार्ड. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला गेला आणि २० झेलांवर आटोपलं. बदल यशस्वी झाला, तरी तुम्ही त्या जागेवरचे उशिरा आलेले विद्यार्थीच असता. वेग थोडा उतरला की भरून काढायला दहा वर्षांची सवय हाताशी नसते.

बचावाकडे जाणारे फार थोडे. मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टोनी डंजी १९७७ मध्ये पिट्सबर्गला सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू) झाला, १९७८ मध्ये सहा इंटरसेप्शन (समोरच्याचे पास हिसकावणं) घेऊन संघात पहिला आला आणि सुपर बोलही जिंकला. आज हे अवघड आहे. एवढंच पुरे.

दोन्ही डगरींवर हात

"मी दोन्ही करतो" असं सांगणारे शिबिरात पुष्कळ भेटतात. टेसम हिल यशस्वी झाला म्हणून सगळ्यांना तो मार्ग दिसतो. २०१७ मध्ये ग्रीन बेने त्याला सोडलं, न्यू ऑर्लिन्सने उचललं, आणि त्याच डिसेंबरात तो किकऑफच्या मागे धावत माणसं पाडताना दिसला. २०२० मध्ये ड्र्यू ब्रीझ जखमी झाला तेव्हा चार सामने क्वार्टरबॅक म्हणून खेळला, तीन जिंकले. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाडापाडी, मग बाकी सगळं. शिवाय शॉन पेटनसारखा कोच होता, ज्याला दर आठवड्याला त्याच्यासाठी वेगळे डाव आखायची हौस होती. असा कोच नसेल, तर दोन्ही बैठकांत अर्धाअर्धा वेळ बसणारा दोन्हीकडे मागे पडतो.

आणि "नाही जमलं तर परत क्वार्टरबॅक होईन" ही आशा सोडून द्यावी. २९ नोव्हेंबर २०२० ला कोविडच्या नियमांमुळे डेन्व्हरचे सगळे क्वार्टरबॅक बाद झाले, आणि सराव पथकातल्या केंडल हिंटनला त्या जागी उतरवलं. कॉलेजात तो आधी क्वार्टरबॅकच होता, शेवटच्या वर्षी रिसीव्हर झाला होता. नऊपैकी एक पास पूर्ण, १३ यार्ड, दोन इंटरसेप्शन. त्याचा दोष काहीच नाही, आदल्या दिवशी कळलेलं काम होतं ते. पण पासचा अचूकपणा हा रोजच्या रियाजाचा मामला आहे.

मग कुणी काय करावं

पाय वेगवान नाहीत, पण बचाव वाचता येतो आणि चुका कमी होतात, अशाने जागा बदलू नये. त्याला रिसीव्हर म्हणून कुणीच घेणार नाही. त्याने दुसऱ्या खुर्चीसाठी झटावं, नाहीतर कॅनडात जाऊन खरे सामने खेळावेत.

उंच, भारदस्त आणि पंचविशीच्या आतला असेल तर बदलावं, पण यंदाचा रोस्टर डोक्यातून काढून. एक-दोन वर्षं सराव पथकात जाणार, हे गृहीत धरूनच हो म्हणावं. तीस ओलांडलेल्याने टीबोचा ऑगस्ट आठवावा.

बुटका, चपळ आणि मोकळ्या मैदानात माणसाला चकवणारा असेल, तर मी आज नि:शंक बदल म्हणेन, आणि ते ऑगस्टमध्ये नव्हे, मे महिन्यात. ऑगस्टमध्ये कोचला शिकवायला वेळ नसतो, तो फक्त कापाकापी करत असतो. एजंटने सुचवलं म्हणून जाऊ नये, स्पेशल टीम्सच्या कोचला स्वतः गाठून "किती स्नॅप देणार?" हे विचारावं. उत्तर गोलमोल आलं, तर बदलाचा प्रस्ताव म्हणजे निरोपाची सौम्य भाषा समजावी.

चपळांच्या बाजूने आत्ताच बोलायचं आणखी एक कारण आहे. २०२४ मध्ये किकऑफचा नियम बदलला. दोन्ही बाजूंचे खेळाडू जवळजवळ उभे राहतात आणि चेंडू झेलला जाईपर्यंत किंवा जमिनीला लागेपर्यंत बहुतेकांना हलता येत नाही. २०२३ मध्ये शंभरातल्या साधारण २२ किकऑफ परत आणल्या जात होत्या, २०२४ मध्ये ३३ च्या आसपास. २०२५ मध्ये टचबॅकचा (किक परत न आणता मिळणारा) चेंडू ३५ यार्डांवर नेला, त्यामुळे लांब किक मारून मोकळं होणं आणखी महाग पडायला लागलं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पुन्हा किंमत आली आहे, आणि आयुष्यभर कोलमडलेल्या डावातून वाट काढत आलेल्या छोट्या क्वार्टरबॅकला त्या कामाची निम्मी तालीम आधीच झालेली असते.