इन्स्टंट गिझर ते २५ लिटर स्टोरेज : नऊ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये जुना गिझर गळायला लागला, तेव्हा ३ लिटरचा, ३००० वॅटचा इन्स्टंट मीच हट्टाने घेतला. लागेल तेवढंच पाणी तापणार, बिल कमी येणार, असा माझा हिशेब. पावसाळाभर तो बरोबरही वाटला.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पितळ उघडं पडलं. आम्ही नाशिकला, घरात चार माणसं, पहाटे पाचला सगळे उटणं लावून रांगेत. टाकीतलं पाणी वीसेक अंश. ते ४२ अंशांपर्यंत न्यायचं तर ३००० वॅटची कॉइल मिनिटाला जेमतेम २ लिटर देते. म्हणजे २० लिटरची बादली भरायला १० मिनिटं. नळ जरा मोठा सोडला की कोमट. त्यात आईला कढत पाण्यात विसण घालायची सवय, आणि इथे विसणाला वावच नाही. “यापेक्षा आपला बंब बरा होता,” हे ऐकून घेतलं आणि नोव्हेंबरात २५ लिटरचा, २००० वॅटचा स्टोरेज आणला.

गॅस गिझर घ्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं. आमच्या बाथरूमला एक झरोका, तोही थंडीत बंद. आणि कोंडलेल्या जागेत गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. सोलरचं म्हणाल तर गच्ची सोसायटीची.

स्टोरेजला २० वरून ६० अंशांवर जायला पस्तीसेक मिनिटं लागतात, युनिट साधारण १.२. विसण धरून दोन बादल्या आणि वर थोडं. पुढच्या दोघांनी अर्धा तास थांबायचं, यावरून घरात अजून कुरबुर आहेच. पण बादलीमागे वीज दोन्हीकडे जवळपास तेवढीच, हे मला उशिरा कळलं. तेवढं पाणी तेवढंच तापवायचं तर कॉइल कुठलीही असो! स्टोरेजमध्ये फरक पडतो तो तापलेलं पाणी तसंच पडून राहिलं तर, आणि डब्यावरचे वीजबचतीचे तारे (स्टार) त्याच उष्णतेच्या गळतीचं मोजमाप आहेत. आम्ही अंघोळी झाल्या की बटण बंद करतो.

दोन गोष्टी सांगून ठेवतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात. ते पडायलाच हवेत, पाणी तापून फुगतं म्हणून. आमच्या प्लंबरने तिथे बूच मारायची तयारी केली होती, मी हात धरला. दुसरं, आमचं पाणी बोअरचं. फेब्रुवारीत गिझरच्या टाकीतून तडतड ऐकू येऊ लागली. उघडून पाहिलं तर कॉइलवर पांढरा थर आणि टाकी गंजू नये म्हणून आत असते ती मॅग्नेशियमची कांडी निम्मी झिजलेली. मेकॅनिकच्या सांगण्यावरून ७५ वरचा थर्मोस्टॅट ६० वर आणला. जास्त तापवलं की क्षार जास्त बसतो.

इन्स्टंट फेकला नाही. तो आता स्वयंपाकघरात सिंकवर आहे. तेलकट कढई, तुपाची भांडी, एवढ्यासाठी मिनिटाला २ लिटर भरपूर होतात. आई त्याला आता चक्क चांगला म्हणते.