जालन्यातील पंप-नोझलचे दुकान आणि जुन्या ट्रॅव्हलरचे ॲव्हरेज

ज्यांच्याकडे यांत्रिक पंपाची (म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप संगणकाविना चालतो अशी) जुनी डिझेल गाडी आहे आणि जिचे ॲव्हरेज नेमके कारण न कळता उतरत चालले आहे, त्यांनी जालन्यात अंबड चौफुलीच्या पुढे असलेल्या या पंप-नोझलच्या दुकानात एकदा गाडी दाखवावी, असे मी निःशंकपणे सुचवेन. मात्र ज्यांना घाई आहे त्यांनी आणि कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली डिझेल फवारणाऱ्या इंजिनाच्या मालकांनी तेथे जाऊ नये, हेही सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

आमची गाडी २००३ सालची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, म्हणजे कंपनीचे नाव बजाज टेम्पो होते त्या काळातली. फोर्स मोटर्स हे नाव २००५ मध्ये आले. मागची आसने काढून आत दोन पलंग, छोटा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि इन्व्हर्टरची बॅटरी बसवून घेतलेली आहे, टपावर कॅरियर आणि सोलर पॅनेल आहे. जायकवाडीचे पक्षी, खरोशाची लेणी, माहूर, नळदुर्ग असे आमचे फिरणे असते. इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या घराण्यातले, प्री-चेंबरचे (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटते असे) आणि संगणकाशी काहीही देणे-घेणे नसलेले आहे. लिटरला साडेआठ किलोमीटर आणि चढावर काळा धूर, अशी तिची अवस्था झाली होती.

या दुकानाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे येथे पाना हातात घेण्याआधी तपासणी होते. मालक मिस्त्री प्रथम गाडी चालवून आले, परतल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहिला आणि मागचे डावे चाक इतरांपेक्षा बरेच गरम असल्याचे मला हात लावायला सांगून दाखवले. जॅक लावून चाक फिरवले तेव्हा ते अर्ध्या फेरीतच थांबत होते. ब्रेकचे लायनर ड्रमला घासत राहिले होते. असे घासणारे चाक घेऊन गाडी चालवणे म्हणजे हँडब्रेक थोडा ओढून ठेवूनच प्रवास करण्यासारखे आहे. या अवस्थेत पंपावर कितीही खर्च केला असता तरी त्याचा उपयोग दिसला नसता.

त्यानंतर त्यांनी तापमानाच्या काट्याबद्दल विचारले. हमरस्त्यावर काटा फारसा वर चढत नाही हे मी सांगितल्यावर त्यांनी थर्मोस्टॅटचे झाकण उघडले, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. पूर्वीच्या एका गॅरेजने तो काढून टाकला होता आणि तसे बिलावर लिहिलेही नव्हते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि ती चुकीची आहे. पाणी साधारण ८० अंशांपर्यंत तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणे हे थर्मोस्टॅटचे काम असते. तो नसला की इंजिन, विशेषतः हिवाळ्यात आणि सपाट रस्त्यावर, कायम थंड चालते, ऑइल जाड राहते, ज्वलन अपुरे होते आणि डिझेल जास्त जाते. शिवाय ज्या इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो, त्यांत तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच फिरत राहते. म्हणजे ज्या भीतीपोटी तो काढला जातो ती भीती घाटात खरी ठरू शकते. काही शे रुपयांच्या या भागाकडे इतक्या गॅरेजांचे दुर्लक्ष का होते, हे मला खरोखर उमगत नाही.

दुकानाचे मुख्य काम अर्थातच पंप आणि नोझलचे. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोंडे, काढून हाताच्या दांड्याच्या टेस्टरवर लावल्या जातात, दांडा दाबला की काटा चढतो आणि ठरलेल्या दाबाला, या इंजिनात साधारण ११५ बारच्या आसपास, फवारा सुटायला हवा. चांगली नोझल बारीक कुरकुर आवाज करून धुक्यासारखा फवारा मारते. आमच्या एका नोझलमधून धार पडत होती आणि दुसरीच्या टोकाला दाब येण्याआधीच थेंब जमत होता. हे पाहताना मिस्त्रींनी फवाऱ्याजवळ बोट नेऊ न देण्याची जी सक्त ताकीद दिली तीही योग्यच होती, कारण एवढ्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरू शकते. मग पंप बेंचवर चढवला गेला. विद्युत मोटारीने तो फिरवून चारही एलिमेंटचे (एकेका सिलिंडरला डिझेल देणाऱ्या भागांचे) डिझेल चार काचेच्या नळ्यांत जमा करतात. तीन नळ्यांत पातळी जवळपास सारखी होती आणि चौथीत ती डोळ्यांना सहज दिसेल इतकी कमी भरली. ही तफावत मालकाला समोर उभे करून दाखवणारी दुकाने फार थोडी आहेत. पंप परत बसवताना टायमिंग (डिझेल सुटण्याची वेळ) खुणेवर जुळवले, टॅपेट (झडपांची फट) सेट केले आणि नोझलखालचे वायसर न सांगता नवे टाकले. जुनेच वायसर पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना होतो आणि मग कॉम्प्रेशन तेथून गळते.

पिकअपसाठी पंप थोडा वाढवून मिळेल का, असे मी विचारले होते. त्यांनी साफ नकार दिला: हवा तेवढीच असताना डिझेल वाढवले तर जास्तीचे डिझेल धूर होऊन बाहेर पडते. इंधनाच्या नळीला लावायच्या चुंबकाबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, चुंबकानं डिझेल वाचलं असतं तर आमच्या सळईच्या ट्रकवाल्यांनी ते कवाच लावलं असतं.” जालन्याच्या पोलाद कारखान्यांमुळे येथे दिवसरात्र ट्रक राबतात, तेव्हा हा दाखला हलका नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली असून लक्षणीय बचत करणारे एकही तिला आढळलेले नाही.

आता परिणामाविषयी. टाकी गच्च भरून पुढच्या वेळी त्याच पेट्रोल पंपावर, पहिल्या कट-ऑफला (नळी आपोआप बंद होताच) थांबून, पुन्हा भरायची आणि किलोमीटर जीपीएसवरून घ्यायचे, कारण टायरचा आकार बदललेला असेल तर मीटर फसवते. या पद्धतीने मोजले. तेच सामान, तेच कॅरियर आणि तोच वेग ठेवून ॲव्हरेज साडेआठवरून पावणेदहाच्या घरात आले आणि काळा धूर जवळपास थांबला. सुटे भाग धरून खर्च १५,००० रुपयांच्या आत बसला. हजार किलोमीटरला सुमारे १५ लिटर वाचतात; लिटरला ९० रुपये धरले तर खर्च भरून निघायला साधारण ११,००० किलोमीटर लागतील. रोज धावणाऱ्या गाडीला हे काहीच नाही, परंतु सुट्टीपुरत्या बाहेर पडणाऱ्या आमच्यासारख्या कॅम्परला (राहण्याची सोय असलेल्या गाडीला) त्यासाठी काही वर्षे जातील. तेव्हा केवळ पैसे वाचवण्यासाठी हे काम करायचे असेल तर आधी हा हिशेब मांडावा.

त्यापुढची बचत दुकानाबाहेरची आहे, पण तीही सुचवली मिस्त्रींनीच. टपावरचे कॅरियर उतरवा आणि ऐंशीच्या वर जाऊ नका, असे ते म्हणाले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि उंच टपाच्या चौकोनी गाडीला तर तो मुळातच जास्त असतो. समृद्धीवर किंवा धुळे-सोलापूर महामार्गावर रस्ता मोकळा मिळाला की पाय आपोआप दाबला जातो, तेथेच डिझेल जाते. पॅनेल टपाला चपटे बसवून कॅरियर काढल्यावर आणि वेग आवरल्यावर लिटरला अकरापर्यंत मजल गेली. पाण्याची टाकी मुक्कामाच्या गावी भरली तर शंभर किलो वजन कमी वाहावे लागते. त्याचा फायदा सपाटीवर थोडा आणि मांजरसुंब्याच्या घाटात अधिक जाणवतो. टायरची हवा सकाळी थंड असतानाच पाहावी. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडली, तर रात्री तो टायर कमी हवेचा झालेला असतो.

उणिवाही सांगायला हव्यात. दुकानात बसायला जागा नाही, फोन क्वचितच उचलला जातो आणि दिलेली वेळ हमखास पुढे ढकलली जाते. पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि जुने सुटे भागही मागून घ्यावे लागतात. व्हील अलाइनमेंटची सोय नाही, त्यासाठी दुसरीकडे जावे लागले. पेरणीपूर्वीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या पंपांची रांग लागते आणि कॅम्परसारख्या हौसेच्या गाडीला साहजिकच शेवटचा नंबर मिळतो. शक्यतो दिवाळीनंतर जावे, सकाळी दुकान उघडताच पोहोचावे आणि टाकीत डिझेल कमी ठेवावे, कारण काम झाल्यावर मिस्त्री टाकीची जाळीही उघडून साफ करून देतात.